जुना फौजी युनिफॉर्म कोणाकडे द्यावा? पुलगावच्या चाचांकडे

घरात फौजेतल्या माणसाचा जुना युनिफॉर्म, मेडलं, पट्टा, ट्रंक असं काही पडून असेल आणि ते कोणाच्या हाती द्यावं कळत नसेल, तर वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावला चाचांकडे न्या. दुकानावर पाटी नाही. बाजारात शिरून ‘फौजी कपडे शिवणारे चाचा’ म्हटलं की कोणीही बोट दाखवतं. समोर शटर, आत दोन शिलाई मशिनी, भिंतीला लाकडी कपाट, आणि मागच्या टिनाच्या शेडात त्यांचा मुलगा जीपचे हूड आणि सीटकव्हर शिवतो. बाप-लेकाचं काम वेगवेगळं आहे आणि माझं मतही दोघांबद्दल वेगवेगळं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी देवळी तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बाबा महार रेजिमेंटमध्ये होते, १९६३ मध्ये भरती झाले आणि १९७८ मध्ये नायक म्हणून पेन्शनवर आले. आमच्या वस्तीत अशी बरीच घरं आहेत. ही रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली, दुसरी बटालियन पुढच्याच वर्षी आमच्या कामठीत. त्यामागे बाबासाहेबांचा आग्रह होता, ते तेव्हा व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. आमच्या आजोबांच्या पिढीला हे सारं तोंडपाठ होतं. आजच्या पोरांना ‘महार रेजिमेंट’ म्हटलं की फक्त मोटरसायकलवरचं स्टिकर माहीत असतं. म्हणून विहाराला लागून असलेली खोली आम्ही मागून घेतली आणि गावातल्या फौजींच्या वस्तू तिथे मांडायला सुरुवात केली. लोकांनी विश्वासाने आणून दिल्या. पण आणून दिल्या तेव्हा त्यांची अवस्था काय होती, ते सांगायला हवं. कुठे कसरीने खाल्लेली जर्सी, कुठे हिरवा गंज चढलेली पितळी बटणं, कुठे रिबन तुटून सुटी झालेली मेडलं. या वस्तू दुरुस्त केल्याशिवाय मांडता येत नव्हत्या, आणि चुकीच्या हाती गेल्या तर त्यातलं जे जपायचं तेच जाणार होतं.

तसं एकदा झालंच. शेजारच्या काकूंनी त्यांच्या सासऱ्यांचा कोट एका मोठ्या शहरातल्या ड्रायक्लीनिंगवाल्याकडे दिला होता. कोट नव्यासारखा होऊन आला. खांद्यावरची पितळी अक्षरं झगझगीत पॉलिश केलेली, रिबनची पट्टी उसवून पुन्हा उलट्या क्रमाने शिवलेली, आणि कॉलरच्या आत काळ्या शाईने टाकलेले नंबराचे शेवटचे चार आकडे धुऊन गेलेले. तो नंबर होता म्हणून तो कोट त्यांच्या सासऱ्यांचा होता. आता तो कोणाचाही कोट आहे. काकू काही बोलल्या नाहीत, पैसे देऊन आल्या. मला मात्र आजही राग येतो.

चाचांचं वेगळेपण इथे आहे. आधी काय करायचं नाही, हे ते ठरवतात.

बाबांचा अंगोला शर्ट मी त्यांच्याकडे नेला होता. थंडीत घालायचा, लोकर आणि सूत मिळून विणलेला, जाड, जरा खरखरीत. बाबा गेल्यावर आईने तो डांबरगोळ्या घालून पेटीत ठेवला होता, आणि जोडीला पूजेतल्या कापराच्या वड्याही टाकल्या होत्या, दुप्पट राखण व्हावी म्हणून. आमच्याकडच्या उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर पारा जातो. डांबरगोळ्या आणि कापूर एकत्र आले की दोन्ही पाझरून ओले होतात. त्या ओलाव्याचा पिवळट डाग शर्टाच्या पाठीवर उतरला होता. शिवाय पुढच्या बाजूला, खिशाखाली आणि बाहीवर कसरीची भोकं.

चाचांनी शर्ट टेबलावर पसरला, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि बराच वेळ नुसता पाहत राहिले. मग बोटाने एकेक जागा दाखवू लागले.

“बाई, हे पाहा. ही भोकं कसरीची हायेत, ही भरतो. पण हे कोपर पाहा. हे कसरीनं खाल्लं नाही, हे घासलं. जमिनीवर रांगलेला माणूस हाये हा. इथं मी वरून काही लावत नाही.”

“मग फाटत जाईल नं ते, चाचा?”

“आतून मलमल लावतो, त्याच्यावर धरून घेतो. बाहेरून हात लावला तरी समजणार नाही. पण घासलेलं ते घासलेलंच दिसायला पायजे. तुमाले नवा शर्ट पायजे असता तर तुम्ही इकडं आल्याच नसत्या.”

भोकांचं रफू त्यांनी कसं केलं, ते मी शेजारी स्टुलावर बसून पाहिलं. वेगळा धागा आणला नाही. शर्टाच्या खालच्या शिवणीत आत दुमडलेलं जे कापड असतं, त्यातूनच एकेक धागा ओढून काढला. त्याच कापडाचा, तेवढाच जुना, तेवढाच विटलेला धागा. मग भोकाच्या कडा न कापता, सुई एका धाग्याच्या वर, दुसऱ्याच्या खाली अशी नेत आधी उभे धागे टाकले, नंतर आडवे. या कापडाच्या विणीत तिरकी रेघ असते. साधं वर-खाली विणलं तर रफूचा चौकोन लगेच डोळ्यात भरतो. त्यांनी प्रत्येक ओळीला एक धागा पुढे सरकत ती तिरकी रेघ भोकावरून तशीच पुढे नेली. खिशाखालचं भोक कुठे होतं ते मला आता उजेडात धरून शोधावं लागतं.

बाहीवरच्या दोन फितींखालीही कसर शिरली होती, म्हणून त्यांना फिती उचलाव्या लागल्या. उचलल्या तेव्हा खालच्या कापडावर सुईच्या जुन्या छिद्रांची एक वेगळीच ओळ दिसली, त्या दोन फितींशी न जुळणारी. चाचा म्हणाले, ही लान्स नायकाची एक फीत आधी इथे होती, ती काढून मग दोन लावल्या. बाबांना बढती मिळाली तेव्हा मी जन्मलेही नव्हते. ती छिद्रं चाचांनी भरली नाहीत. फिती परत लावतानाही जुन्याच छिद्रांतून सुई घातली आणि मला म्हणाले, खोलीत याच्याखाली चिठ्ठी लिहून ठेवा, पोरांना दाखवा.

पाठीवरचा पिवळट डाग मात्र निघाला नाही. त्यांनी आधीच सांगितलं होतं की निघणार नाही आणि जोर केला तर कापड जाईल. डागाला हात न लावण्याचे पैसे त्यांनी अर्थातच घेतले नाहीत. सगळं रफू, आतली मलमल आणि फिती मिळून चौदाशे रुपये झाले. आमच्याकडे एवढ्यात नवा शर्ट-पँट शिवून होतो, त्यामुळे काहींना हे महाग वाटेल. मला वाटलं नाही. त्या सुईवर गेलेले तास मी पाहिले आहेत.

मेडलांचं काम मला याहूनही आवडलं, कारण तिथे चाचा टेलरपेक्षा कारकुनासारखे काटेकोर होतात. मेडलं आणली की ते पहिल्यांदा डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळणारं नोंदींचं पुस्तक, मागतात. पुस्तकात जेवढी मेडलं लिहिलेली, तेवढीच ते लावून देतात. बाजारात सगळ्याच मेडलांच्या नकला मिळतात, हौसेने कोणी जास्तीची लावून मागतं, त्याला ते सरळ नाही म्हणतात. मेडल खरं की नकली हे ओळखायचं कसं, तेही त्यांनी दाखवलं. मेडल उभं धरायचं आणि कडेवरून बोट फिरवायचं. खऱ्या मेडलाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. बाजारातल्या नकलेची कड कोरी असते. बाबांच्या रक्षा मेडलावर ते नाव मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. इतकी वर्षं ते घरात होतं आणि मेडलाची कड पाहायची असते हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणूनच ते मेडलांना पॉलिश लावत नाहीत. घासून घासून कडेवरची अक्षरं झिजतात. मऊ सुती कपड्याने धूळ पुसायची, बस. हिरवा गंज असेल तर लाकडी काडीच्या टोकाने हळू काढतात. घरी चिंच, लिंबू, राख यांनी मेडलं आणि बटणं चमकवायची सवय आपल्याकडे आहे, देवाची भांडी घासतो तशी. ते अजिबात करू नका. आंबट पदार्थाने तांबं-पितळ वरवर उजळतं खरं, पण खाचांत राहिलेला अंश नंतर आतून गंज धरतो.

क्रमाचंही तसंच. बाबांची पाच मेडलं : १९७१ च्या लढाईत पश्चिम आघाडीवर असल्याबद्दलचा पश्चिमी स्टार, मग १९६५ चं रक्षा मेडल, मग संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं १९७२ चं मेडल आणि नऊ वर्षांच्या सेवेचं मेडल. १९६५ आधी आलं म्हणून रक्षा मेडल पहिलं लागेल असं कोणालाही वाटेल. पण मेडलांचा क्रम सालावर नाही, मानावर लागतो, आणि स्टार आधी येतो. सर्वांत मानाचं छातीच्या मध्याच्या बाजूला, म्हणजे समोरून पाहणाऱ्याला सर्वांत डावीकडे. चाचांकडे हा क्रम एका जुन्या वहीत लिहिलेला आहे, पण त्यांना ती उघडावी लागत नाही.

रिबन ३२ मिलिमीटर रुंदीची. नवी रिबन ते दिल्ली कॅन्टच्या गोपीनाथ बाजारातून मागवतात. काही रंग यायला वेळ लागतो, तेवढा धीर धरावा लागतो. बाबांच्या तीन रिबनी टिकल्या होत्या, दोन कुजल्या होत्या. चाचांनी तीन जुन्या तशाच ठेवल्या आणि दोनच बदलल्या. जुन्या-नव्याचा रंगातला फरक दिसतो. काही पाहुण्यांनी विचारलं, सगळ्या बदलून एकसारख्या का नाही केल्या? मला ते एकसारखं नसणं बरोबर वाटतं. ज्या रिबनी बाबांच्या छातीवर होत्या त्या दिसायलाच हव्यात. काढलेल्या दोन कुजक्या रिबनींचे तुकडेही त्यांनी कागदाच्या पुडीत घालून परत दिले. मागच्या पट्टीवर मेडलं शिवून पक्की केली आहेत, हलून एकमेकांवर आपटत नाहीत. नव्या रिबनी धरून नऊशे रुपये. काचेची फ्रेम ते करत नाहीत. ती वर्ध्याहून करून आणली.

पितळी सामानाबद्दल एक छोटी गोष्ट. त्यांच्या कपाटात एक बटन स्टिक आहे. पितळेची चपटी पट्टी, मधोमध लांब फट. ती फट बटणाच्या मागून सरकवायची म्हणजे बटण वर राहतं, कापड झाकलं जातं, आणि पॉलिशचा थेंबही कपड्याला लागत नाही. पूर्वी प्रत्येक जवानाच्या सामानात ती असायची. आमच्या खोलीत आलेल्या सामानात अशा दोन पट्ट्या होत्या आणि आम्ही त्यांना कुठल्याशा मशिनीचा भाग समजून खोक्यात टाकलं होतं. चाचांनी त्यांचा उपयोग करून दाखवल्यावर त्या आता बटणांशेजारी मांडल्या आहेत, आणि शाळेतली पोरं सर्वांत जास्त वेळ तिथेच थांबतात.

गावातल्या एका घरून रेजिमेंटचा टोपीवरचा जुना बॅज आला आहे. आताच्या बॅजवर एकमेकींवर आडव्या दोन व्हिकर्स मशिनगन आणि मध्ये खंजीर असतो. या जुन्या बॅजवर खंजिराच्या जागी स्तंभ आहे, कोरेगावचा विजयस्तंभ. सुरुवातीचा बॅज तसा होता, पुढे स्तंभ जाऊन खंजीर आला. चाचांनी तो तळहातावर घेतला आणि फक्त मागची पिन पाहिली. पिन सैल होती. पुन्हा डाख देऊन पक्की करू का म्हणून मीच विचारलं. ते म्हणाले, आच लागली तर पितळाचा रंग बदलेल, कशाला? हा कोणाला टोपीवर लावायचा नाही, कापडावर दोऱ्याने बांधून ठेवा. काम झालं नाही, पैसे घेतले नाहीत, पण सल्ला लाखमोलाचा.

ट्रंकांबद्दलही असंच. काळी लोखंडी ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि खाली रेल्वे स्टेशनचं नाव. आमच्या भागात फौजीचं घर ओळखायची ती खूण होती. दुकानाला लागून बसणारा पेंटर अशा ट्रंका नव्याने रंगवून देतो. चाचांनी मला तिकडे जाऊ दिलं नाही. बाबांच्या ट्रंकेवर ‘नायक’ च्या खाली ‘सिपाही’ ही अक्षरं अजून पुसट दिसतात. नवा काळा हात मारला असता तर ती गेली असती. त्यांनी आतल्या गंजाला ब्रश मारायला सांगितलं आणि बिजागरीला तेल. एवढंच.

आता कसर पुन्हा लागू नये म्हणून त्यांनी जे सांगितलं ते इथे लिहिते, ज्यांना दुकानापर्यंत जाणं जमणार नाही त्यांच्या कामी येईल. लोकरीचा कपडा पॉलिथिनमध्ये घट्ट बांधून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवायचा, अंडी-अळ्या मरतात. चाचा ओळखीच्या आईस्क्रीमवाल्याकडे ठेवतात. सुती हिरवा युनिफॉर्म ठेवताना त्याची खळ पूर्ण धुऊन काढायची. परेडसाठी कडक इस्त्री म्हणून भरपूर खळ घातलेली असते आणि ती खायलाच चंदेरी कसर येते, सोबत कापडही खाते. पितळी अक्षरं, बटणं, बकल कपड्यावरून काढून वेगळी ठेवायची, नाहीतर कापडावर हिरवे डाग पडतात. घडी नेहमी त्याच रेषेवर घालायची नाही. घडीत सुती कापडाची गुंडाळी ठेवायची. आणि डांबरगोळ्या किंवा कापूर, दोन्ही मिळून कधीच नाही.

एका बाबतीत काही लोक त्यांच्यावर नाराज आहेत, तेही सांगते. फौजेचा आताचा लढाईचा युनिफॉर्म, म्हणजे १५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनाला पहिल्यांदा दिसलेला, निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या संस्थेने तयार केलेला नवा ठिपक्यांचा पॅटर्न, ते कोणालाही शिवून देत नाहीत. २६ जानेवारीला पोराला फौजी करायचंय म्हणून पालक येतात, लग्नात नाचायला पोरं येतात, कोणी यूट्यूबवाला येतो. सगळ्यांना नाही. तो पॅटर्न फौजेच्या नावावर नोंदलेला आहे, बाजारात विकता येत नाही. आणि फौजी नसताना फौजी वाटावं म्हणून तसा पोशाख घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. शाळेच्या कार्यक्रमासाठी ते साधा हिरवा शर्ट-पँट शिवून देतात, बॅज आणि फिती न लावता. आमच्या शाळेने मुलांचे तसेच शिवून घेतले. मुलं त्यातही तेवढ्याच ताठ उभी राहिली. इथे फौजेचा दारूगोळ्याचा डेपो जवळ आहे. ३१ मे २०१६ च्या आगीत जी माणसं गेली, त्यातल्या काहींचे कपडे याच मशिनीवर शिवलेले होते. चाचा हे सांगत नाहीत, शेजारचे दुकानदार सांगतात. तेव्हा हा युनिफॉर्म कोणालाही द्यायचा नाही हा त्यांचा हट्ट मला पूर्ण पटतो.

आता मागच्या शेडाबद्दल.

माझ्या आत्याच्या मुलाकडे, कारंज्याकडे, जोंगा आहे. जबलपूरला निस्सानच्या परवान्यावर बनायची ती फौजेची जीपसारखी गाडी. ‘जोंगा’ हे नावच जबलपूर ऑर्डनन्स आणि गन कॅरेज असेंब्ली या शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आलं. जवळपास चार लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, त्यामुळे ती चालवण्यापेक्षा उभी ठेवणं स्वस्त. तरी तो तिला जिवापाड जपतो, संत्र्याच्या मळ्यातून फेरी मारतो, आणि आमच्या खोलीच्या उद्घाटनाला तीच घेऊन आला. आम्ही लहान असताना बाबांच्या पेन्शनच्या कामाला पुलगावला यायचो, तेव्हा डेपोकडे जाणारे शक्तिमान ट्रक आणि जोंगा रस्त्यावर दिसायच्या. बाबा प्रत्येक गाडीचं नाव सांगायचे. तो आवाज करत जाणारा शक्तिमान आता कुठे दिसत नाही. १९५९ पासून जबलपुरात बनायचा, मॅन या जर्मन कंपनीच्या परवान्यावर.

तर त्या जोंगाचा हूड भावाने चाचांच्या मुलाकडून करून घेतला. कापड चांगलं, जाड सुती कॅनव्हास, रंगही जुन्या हिरव्याच्या अगदी जवळचा. माप अचूक, पाइपांवर हूड ताणून बसतो, कुठे झोळ नाही. पितळी रिंगा जुन्या हूडच्या काढून पुन्हा लावल्या, हे मला विशेष आवडलं. पण पहिल्याच पावसात शिवणीतून पाणी गळलं. कारण सोपं आहे. शिवण नायलॉनच्या दोऱ्याने घातली होती. सुती दोरा पावसात फुगतो आणि सुईचं छिद्र बंद करतो. नायलॉनचा दोरा फुगत नाही, छिद्र उघडंच राहतं. मुलाचं म्हणणं, नायलॉन तुटत नाही आणि मशिनीवर पळतं. दोन्ही खरं, पण पाण्याचं काय? आम्ही परत नेल्यावर त्याने वाद न घालता शिवणींवर मेण चोळून दिलं. गळणं कमी झालं, थांबलं नाही. मागच्या खिडकीचं प्लास्टिकही एका उन्हाळ्यात पिवळं पडलं. साडेसात हजार घेतल्यावर एवढं व्हायला नको होतं. हूड करायचा असेल तर करा, पण सुती मेणाचा दोरा स्वतः आणून द्या आणि त्यानेच शिवायला सांगा. खिडकीसाठी जाड, चांगल्या प्रतीची शीट आधी दाखवायला सांगा. मुलाचा हात चांगला आहे, घाई जास्त आहे. सीटचं काम त्याने उत्तम केलं, त्यावर काही म्हणायचं नाही.

वेळेबद्दल स्पष्ट सांगते. चाचा तारीख देत नाहीत. ‘झालं की फोन करतो’ म्हणतात आणि करतात, पण दिवाळीच्या आधीचा महिना आणि लग्नसराईत जुनं काम मागे पडतं, कारण घर चालतं ते नव्या शिलाईवर. घाईचं काम, उदाहरणार्थ १४ एप्रिलच्या किंवा १५ ऑगस्टच्या कार्यक्रमासाठीचं, बरंच आधी नेऊन ठेवावं. पावती देत नाहीत, म्हणून देण्याआधी प्रत्येक वस्तूचा फोटो काढा. यात त्यांच्यावरचा अविश्वास नाही. कुठल्या रिबनचा कुठला रंग होता, कुठली फीत किती तिरकी होती, हे पुढे त्यांनाही उपयोगी पडतं. ऑनलाइन पैसे मुलाच्या फोनवर जातात. दुपारी जेवायला शटर खाली असतं, तेव्हा शक्यतो सकाळी जा.

आर्वी, देवळी, हिंगणघाट भागात कोणाकडे आजोबांचा जुना बॅज, बेल्ट, पाण्याची बाटली, रेजिमेंटची पितळी अक्षरं पडून असतील, तर ती विहाराच्या खोलीत पाहायला ठेवायची आमची तयारी आहे. वस्तू घरच्यांचीच राहील, नाव-पलटणीसह चिठ्ठी लागेल. फक्त एवढं करा, आणायच्या आधी धुऊ नका, घासू नका आणि रंगवू नका. डिस्चार्ज बुक असेल तर तेही सोबत आणा, चाचा ते पहिल्यांदा विचारतील.